सुधारित न्याहारी

डब्यातल्या न्याहारीची चव कंपनीने बदलली, की परदेशात ग्राहक रुसून बसतात म्हणे. बीड जिल्ह्याला असल्या रुसव्याची सवय नाही. इथली न्याहारी म्हणजे मालदांडी ज्वारीची भाकरी, ठेचा, वर कांदा. १९६४ साली ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला. पोती भरली, पण भाकरी चवीला उतरेना. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. रंग बदलला, चवही गेली. पण दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याला आवडनिवड विचारतो कोण? पुढे शिवारात सोयाबीन आणि ऊस शिरला, ताटात गव्हाची पोळी आली आणि ज्वारी गरिबाची ठरली. मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं आणि सरकारने तिला ‘श्रीअन्न’ म्हणून मखरात बसवलं. आता तीच ज्वारी चपटी होऊन, चकचकीत पाकिटात, शहरातल्या मॉलमध्ये ‘हेल्दी’ म्हणून मिळते. थापायची कटकट नाही, चूल नाही, ठेचा तर नाहीच. भाव मात्र असा, की ज्वारी पिकवणाऱ्याने त्या दिवशी उपास धरलेला बरा. तोही आरोग्याला चांगलाच असतो!