आमदारसाहेब, अध्यादेश वाचलात का?

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत डॉ. डी. सी. वाधवा नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी बिहारच्या अध्यादेशांचा सगळा इतिहास खणून काढला. 1967 ते 1981 या काळात तिथे 256 अध्यादेश निघाले होते आणि मुदत संपत आली की पुन्हा काढून ते एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले होते. उसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा अध्यादेश निघाला जानेवारी 1968 मध्ये. तो जवळपास चौदा वर्षं चालला. तो निघाला तेव्हा पाळण्यात असलेलं पोर, तो संपला तेव्हा आठवी-नववीत पोचलं असेल.

आता संविधान काय सांगतं ते बघा. अनुच्छेद 213 प्रमाणे सभागृह भरलेलं नसताना तातडीची गरज पडली तरच राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. पुढे विधानमंडळ भरलं की सहा आठवड्यांत त्याचा कायदा करायचा. नाही केला तर तो आपोआप मरतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही. म्हणजे फार ओढलं तरी अध्यादेशाचं आयुष्य साडेसात महिने. बोटांवर मोजता येईल असा हिशेब आहे.

मग चौदा वर्षं कशी झाली? त्याची रीत सरकारी कागदावरच सापडते. जुलै 1981 मध्ये बिहारच्या संसदीय कार्य विभागाने सगळ्या खात्यांना परिपत्रक पाठवलं: अधिवेशन संपलं आहे, सहा आठवडे पूर्ण होत आहेत, तेव्हा 11 ऑगस्टच्या आत आपापले अध्यादेश पुन्हा काढून घ्या. मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मंजुरीचीही गरज नाही. हे परिपत्रक मी जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा माझा संताप होतो. सभागृहाला तर बाजूला सारलंच, निवडून आलेल्या मंत्र्यांनाही विचारू नका, असं एक खातं बाकीच्या खात्यांना बिनदिक्कत लिहून कळवतं. कायदा करणं हे जनतेच्या प्रतिनिधींचं काम. ते परवाना नूतनीकरणासारखं कारकुनी काम होऊन बसलं.

आणि त्या वेळी सभागृहात बसलेले तीनशेवर आमदार काय करत होते? प्रत्येकाने संविधानावर खरी श्रद्धा आणि निष्ठा ठेवण्याची शपथ घेतली होती. दोष एका पक्षाचा नाही. 1967 ला संयुक्त विधायक दल आलं, पुढे काँग्रेस, 1977 ला जनता पक्ष, 1980 ला पुन्हा काँग्रेस. खुर्चीवरची माणसं बदलली, टाइप केलेला अध्यादेश तोच राहिला. विरोधात असताना सरकारवर तुटून पडणारे सत्तेत आल्यावर तीच वहिवाट चालवत राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावायला पुण्याहून एक प्राध्यापक गेला. 20 डिसेंबर 1986 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने या प्रकाराला संविधानाची फसवणूक ठरवलं आणि बिहार सरकारने वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यावेत असा आदेश दिला. पंधरा वर्षांत शेकडो आमदारांना जे करता आलं नाही, ते एका अभ्यासकाने केलं.

त्यानंतर तरी शहाणपण यावं! डिसेंबर 1989 मध्ये त्याच बिहारने 429 खासगी संस्कृत शाळा अध्यादेशाने ताब्यात घेतल्या. पुन्हा तेच: मुदत संपली की नवा अध्यादेश. त्यातला एकही विधानमंडळापुढे मांडला नाही, कायदा झाला नाही आणि एप्रिल 1992 अखेर शेवटचा अध्यादेश संपला. आपण आता सरकारी नोकर झालो, असं समजून चाललेले शिक्षक आणि कर्मचारी उघड्यावर पडले. त्यांचा खटला पंचवीस वर्षं रेंगाळला. 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: अध्यादेश वारंवार काढणं ही संविधानाची फसवणूक आहे, तो सभागृहापुढे मांडणं बंधनकारक आहे, आणि अशा अध्यादेशातून या कर्मचाऱ्यांना कायमचे हक्क मिळत नाहीत. मिळालेले पगार परत घेऊ नयेत, एवढीच सवलत पदरात पडली. मर्यादा ओलांडली सरकारने, किंमत मोजली मास्तरांनी. घटनेतली कलमं ही वकिलांची बाब, असं म्हणणाऱ्याने या शाळांकडे बघावं.

बिहारकडे बोट दाखवून आपल्याला सुटका नाही. संविधानाने घातलेली मुदत आपल्याकडेही मोडली गेली. ज्या पुण्यातून वाधवा न्यायालयात गेले, त्या पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मुंबईतही तेच. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा, असं संविधान महापालिकांबाबत स्पष्ट सांगतं. ओबीसी आरक्षणाचा खटला होता, हे खरं. पण मुंबईची सदस्यसंख्या 227 वरून 236 आणि 236 वरून पुन्हा 227 करण्याचा खेळ न्यायालयाने मांडला नव्हता. आधीच्या सरकारने वाढवली, नंतरच्या सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये फिरवली, आणि दोन्ही वेळा विधानसभा एकच होती, 2019 ला निवडून आलेली. जवळपास चार वर्षं रस्ता, नाला, पाणी यांसाठी भांडायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. आपल्याच शहराच्या सभागृहाला कुलूप असताना आमदार स्वस्थ बसले, हा माझा त्यांच्यावरचा आरोप आहे. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं, आणि तीही मुदत पुढे वाढवावी लागली.

न्यायालय शेवटी येतं, आणि उशिरा येतं. पहिला पहारा सभागृहात निवडून पाठवलेल्या माणसाचा. त्याने अध्यादेश पटलावर आला की उठून विचारायचं असतं: तातडी काय होती? कायदा कधी करणार? उत्तर आपल्याच पक्षाच्या मंत्र्याकडून घ्यायचं असलं, तरीही विचारायचं असतं.

तुमचा आमदार लग्नाला, बारशाला, गणपतीच्या आरतीला भेटतोच. पुढच्या वेळी भेटला की रस्त्याबरोबर एवढंही विचारा: गेल्या अधिवेशनात पटलावर आलेल्या अध्यादेशांपैकी तुम्ही कोणता वाचला आणि त्यावर काय बोललात? उत्तर आलं नाही, तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.