विसापूरचा शिलालेख

साखरपुड्याला जावं, पोटभर जेवावं आणि गप्प घरी यावं. हे शहाणपण मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सुचलं, तेही मठ्ठ्याचा दुसरा पेला रिचवल्यावर. कुणीतरी गडकिल्ल्यांचा विषय काढला आणि मी हातातली जिलबी तलवारीसारखी परजत म्हणालो, "आपले किल्ले आपणच जपायला हवेत. सरकार कुठे कुठे पुरणार?"

वाक्य चांगलं होतं. समोर भाचा बसला होता, एवढंच वाईट होतं. हा मुलगा दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कुठल्या तरी गडावर जाऊन घमेली उचलतो. त्याने मोबाइल काढला, काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "मामा, या रविवारी विसापूर. तुमचं नाव घातलं."

"विसापूर? अरे, राजगड घे की. शिवनेरी घे. विसापूरलाच कशाला?"

"का, विसापूरला काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं. का, ते पुढे येईलच.

रात्री मोबाइलवर यादी आली. तीन लिटर पाणी, हातमोजे, टोपी, डबा, तळ न घसरणारे बूट. गाण्यांचा स्पीकर आणू नये. आणि शेवटी, 'उत्साह आवरून आणावा'. मला वाटलं, 'आवर्जून' लिहायचं असेल, मोबाइलने घोळ केला. ही यादी वाचून घरातून शेरा आला, "माळ्यावरचा एक डबा आजवर खाली काढला नाहीत. किल्ला काय साफ करणार?"

रविवारी पहिल्या लोकलने मळवलीला उतरलो. जानेवारीची थंडी होती. वीसेक जण जमले होते. त्यांत बँकेतले एक साहेब, अकरावीतली एक मुलगी आणि मोहीमप्रमुख म्हणून पंचविशीची, पुरातत्त्व शिकलेली एक पोरगी. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि पाठीवरच्या पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटात, परवानगीचं पत्र. विसापूर हे केंद्राचं संरक्षित स्मारक. पत्राशिवाय तिथला गाळसुद्धा आपला नाही.

द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून आम्ही भाजे गावात आलो. लेण्यांच्या पायथ्याशी तिने सगळ्यांना थांबवलं. "वर पाण्याच्या टाक्याजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. विण्हुदत्त नावाच्या महारठीने टाकं दान दिलं, त्याची ही नोंद. दान द्यायचं आणि मग नाव कोरायचं, असा तेव्हाचा क्रम होता."

सगळे हसले. मला एवढ्या थंडीत घाम आला.

चढून गायमुख खिंडीत पोचलं की उजवीकडे लोहगड आणि डावीकडे विसापूर. एका घरातले दोन भाऊच म्हणा ना. धाकट्याचं नशीब फळफळलेलं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. त्यामुळे खिंडीतली सगळी गर्दी लग्नाच्या वरातीसारखी उजवीकडे वळते. तिकडे पायऱ्या, ओळीने चार दरवाजे आणि विंचूकाटा नावाची निमुळती डोंगरसोंड. आमची वीस टाळकी डावीकडे वळली, तेव्हा सरबतवाला कळवळून म्हणाला, "ओ, चुकलात. गड तिकडं."

थोरल्याचा गुन्हा एकच, तो उंच आहे. ४ मार्च १८१८ रोजी कर्नल प्रॉथरने ३८० गोरे आणि ८०० देशी शिपाई घेऊन आधी विसापूर घेतला. मग त्याच्या खांद्यावर तोफा चढवून धाकट्यावर रोखल्या. लोहगड पडला. विसापुरावरून लोहगड मारता येतो, हा धडा ज्याने शिकवला त्यालाच तो पक्का कळला होता. त्यामुळे पुन्हा कुणी असा खांदा वापरू नये म्हणून इंग्रजांनी विसापूरचे दोन्ही दरवाजे सुरुंगांनी उडवून टाकले. धाकट्याचे दरवाजे राहिले, थोरल्याचे गेले. आज थोरल्याकडे जायचं ते ओढ्याच्या घळीतून. घळीत जुन्या पायऱ्या आहेत, पण पावसाळ्यात त्यांच्यावरून धबधबा उतरतो आणि उन्हाळ्यात माझ्यासारखा माणूस उतरतो, दोघेही सारख्याच पद्धतीने.

वर पोचलो तर पठार हे एवढं आणि त्याला फेर धरून मैलोगणती तट. माझा ऊर भरून आला. तटातून एक पिंपळाचं रोप डोकं काढत होतं. मी पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं.

"काका, सोडा!" शिट्टी वाजली.

"अगं, तट फोडतोय तो."

"फोडतोयच. पण मुळं आत दगडांना मिठी मारून बसलीत. तुम्ही ओढलंत तर झाडाआधी तट हातात येईल. ते बुडाशी कापून मूळ जागच्या जागी मारावं लागतं. ते खात्याची माणसं करतील."

मी पिंपळ सोडला. पुढे एक चिरा वाटेत पडलेला दिसला. मी कमरेतून वाकून, कुंथून, तो उचलला आणि तटाला टेकवून उभा केला.

"काका, सोडा! म्हणजे, आता सोडू नका. होता तिथेच ठेवा. त्याच तोंडाने."

पडलेला दगड कुठे पडलाय यावरून तो कुठून पडला ते कळतं आणि तट पुन्हा उभा करताना तेवढाच पुरावा हाती असतो, असं तिने समजावलं. दगड परत ठेवायला वाकलो तर त्याच्या मूळ जागेवर एक विंचू, घराचं छप्पर कुणी पळवलं म्हणून नांगी उगारून उभा. लोहगडाला विंचूकाटा मिळाला. आमच्या वाट्याला नुसता विंचू.

कामाची जागा म्हणजे कातळात खोदलेलं एक टाकं. काठोकाठ गाळ. आमची साखळी लागली. घमेलं ही हलकी वस्तू आहे असा माझा आजवरचा समज होता. रिकाम्या घमेल्यापुरता तो खराही आहे. माझ्या उजवीकडे बँकेतले साहेब, डावीकडे अकरावीची मुलगी. साहेब घमेलं माझ्याकडे देताना कर्जाचा बोजा उतरवल्यासारखे देत. मुलगी ते माझ्याकडून पेनासारखं घेऊन पुढे देई आणि वर विचारी, "काका, बसता का थोडं?" बाहेर गेलेला गाळ थेट फेकायचा नसतो. तो चाळणीतून जातो, कारण त्यात खापरं, मणी, नाणं, काहीही असू शकतं. दोन तासांच्या चाळणीत आम्हाला खापराचे नऊ तुकडे, एक गंजका खिळा आणि वेफर्सच्या एकतीस पुड्या मिळाल्या. पुड्यांवरून काळ ठरवणं फार सोपं गेलं, तारीख छापलेली होती.

दम खायला थांबलो तेव्हा मी एक विधायक सूचना केली. "दोन पोती सिमेंट आणा, भेगा लिंपून टाका. शंभर वर्षं बघायला नको."

साखळीतली वीसही माणसं थांबली. बँकेतल्या साहेबांनी माझ्यापासून अर्धा पाऊल लांब सरकून घेतलं. मोहीमप्रमुख मला गोल चर असलेल्या दगडी घाण्याकडे घेऊन गेली. त्या चरातून दगडी चाक फिरवून चुना मळत. चुन्याची दरज मऊ असते, भिंतीत शिरलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. सिमेंट टणक. ते पाणी आत कोंडतं आणि मग फुटायची पाळी दगडावर येते. म्हणून डागडुजी पुन्हा चुन्यानेच करायची, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालून.

"हे तर माझ्या पोटाचं औषध," मी म्हणालो.

"गडालाही तेच लागू पडतं," ती म्हणाली.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. भाकरी, पिठलं, ठेचा. लोहगड उरकून आलेलं एक टोळकं आमच्यापाशी थांबलं. माझ्या अंगावर गाळ, डोक्याला पंचा. त्यांतला एक म्हणाला, "मामा, इथं बघण्यासारखं काय आहे? आणि हे काम करता, रोज किती सुटतो?" भाच्याला ठसका लागला. मी म्हणालो, "रोज नाही, महिन्यातून एकदा." हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, मला ठाऊक नाही. भाच्याने लगेच मोबाइल काढून ते टिपलं.

जेवताना प्रमुख बाईंनी गडावरच्या तोफेची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या गॅझेटिअरात विसापुरावरच्या दहा फुटी लोखंडी तोफेची नोंद आहे. तिच्यावर ट्यूडर घराण्याचं गुलाबफूल, मुकुट आणि 'ई. आर.' ही अक्षरं. म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली. एखादं इंग्रजी जहाज पकडलं तेव्हा ती हाती लागली असावी आणि पेशव्यांच्या आरमारी सरदाराने ती नजर केली असावी, असा गॅझेटिअरचा तर्क. इंग्लंडच्या राणीची तोफ समुद्र सोडून सह्याद्रीवर साडेतीन हजार फूट चढली. मी स्वतः त्यातला शेवटचा टप्पाच चढलो होतो, तरी मला राणीपेक्षा तोफेबद्दल जास्त वाटलं.

"राणीने नाव घातलं, तेही स्वतःच्या तोफेवर," प्रमुख बाई डबा बंद करत म्हणाल्या. "आता दुसरं काम. दगडांवर लोकांनी रंगवलेल्या नावांची नोंद. काका, तुम्ही वहीवर."

माझं पिठलं घशात अडकलं.

बावीस नावं बिनबोभाट झाली. मी लिहीत होतो, भाचा मोजपट्टी लावून फोटो काढत होता. मग आम्ही एका कातळाला वळसा घातला आणि समोर ते आलं. पिवळाधमक ऑइलपेंट. फूटभर उंचीची अक्षरं. एक नाव, एक आडनाव, 'टी. वाय. बी. कॉम., १९८८' आणि खाली पाप धुऊन काढायला 'जय शिवाजी'.

"मामा, तुमच्याच आडनावाचा कुणीतरी."

"आडनाव काय, शंभर असतात."

"नावपण तुमचंच."

"नावंही असतात."

"बी. कॉम. तुम्ही अठ्ठ्याऐंशीलाच झालात ना?"

मी उत्तर दिलं नाही. पायाजवळ एक खरबरीत दगड होता. तो उचलून मी कातळावर झेप घेतली.

"काका, सोडा!" त्या दिवशीचं ते बहुधा बारावं 'सोडा'. "घासलंत तर रंगाबरोबर कातळाची साल जाईल. रंग फत्तराच्या छिद्रांत मुरलाय. तारेचा ब्रशसुद्धा चालत नाही. तज्ज्ञ येऊन लेप लावतील, मऊ ब्रशने हळूहळू काढतील. तोवर हात लावायचा नाही."

"तोवर म्हणजे किती?"

"सांगता येत नाही."

अडतीस वर्षांपूर्वी हे नाव लिहायला मला दहा मिनिटं आणि पाव डबा रंग लागला होता. आता पुसायला मी आयुष्य द्यायला तयार होतो आणि मला परवानगी नव्हती. मी हळूच विचारलं, "याला शिक्षा काय असते हो?"

"आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१०मध्ये वाढवली. आधी तीन महिने किंवा पाच हजार होती."

"म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या माणसाला जुना दर लागेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कातळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. भाचा मोजपट्टीत तोंड लपवून हादरत होता. माझ्या हातातली वही तिने काढून घेतली आणि स्वतः लिहिलं, 'क्र. २३. पिवळा ऑइलपेंट. रंगाची स्थिती उत्तम. शेरा: लिहिणारा हयात. श्रमदानास हजर.'

तेव्हापासून तिसरा रविवार माझा नाही. विण्हुदत्ताने टाकं आधी दिलं आणि नाव नंतर कोरलं. मी उलट्या टोकाने सुरुवात केली, एवढाच फरक. टाक्याचं कर्ज घमेल्याघमेल्याने फेडतो आहे. 'उत्साह आवरून आणावा' यात मोबाइलची काही चूक नव्हती, हेही आता कळलं आहे.

तुम्ही लोहगडला निघालात तर एकदा खिंडीतून डावीकडे वळा. सरबतवाल्याचं ऐकू नका. आपली रिकामी बाटली आणि जमलं तर दुसऱ्याची एक, खाली घेऊन या. वर एका कातळावर पिवळ्या रंगात एक नाव दिसेल. तज्ज्ञ येईपर्यंत ते तसंच राहील. त्याच्या शेजारी थोडी मोकळी जागा आहे. ती मोकळीच राहू द्या.