एक केळं, अकरा हात

फळवाटपाचा फोटो तुम्ही कधी नीट निरखून पाहिलाय? खाटेवर एक पेशंट, त्याच्या हातात एक केळं आणि त्या केळ्याला धरलेले अकरा हात. पेशंटला भूक लागलेली असते, पण केळं काही सुटत नाही. फोटोवाला म्हणत असतो, "दादा, जरा इकडे बघा. पेशंट, तुम्ही पण हसा!" पेशंटचा ताप त्या केळ्याने उतरत नाही, पण दुसऱ्या दिवशी बोईसरच्या नाक्यावर बॅनर चढतो. त्यावर दात्याचा चेहरा हातभर आणि केळं बोटभर.

मी राहतो बेटेगावात. बोईसर पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. 2009 मध्ये टाटांनी इथे 'शुभ गृह' नावाने चार लाखांच्या आतून सुरू होणारी घरं जाहीर केली आणि मुंबईकरांना एकाएकी बेटेगाव नकाशावर दिसायला लागलं. टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के भाग धर्मादाय न्यासांकडे आहेत. जमशेटजींनी 1892 मध्येच परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी उभारला होता. अशा नावाच्या शेजारात राहिल्यावर थोडा दानशूरपणा अंगात भिनावा, ही अपेक्षा काही फार नाही. आमच्याकडे तो भिनला, पण कपाटापर्यंतच.

आमच्या कॉलनीतला दानधर्म दिवाळीच्या साफसफाईपासून सुरू होतो. माळ्यावरचं गाठोडं खाली आलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "टाकायला जिवावर येतं हो, पाड्यावर देऊन टाकू." त्या गाठोड्यात काकांची लग्नातली शेरवानी, चेन गेलेल्या पॅण्टी आणि कुलू-मनालीच्या सहलीत घेतलेले स्वेटर असतात. बेटेगावात थंडी पडली तर तिची बातमी होते. आणि चिखलात पोटरीभर उभं राहून आवणी करणाऱ्याने ती शेरवानी नेमकी केव्हा घालावी, हे काकूंनी ठरवलेलं नसतं. कपाट मोकळं झालं, पुण्य जमा झालं, व्यवहार संपला.

दुसरा प्रकार दप्तरांचा. शाळा उघडली की जूनमध्ये दात्यांचा पाऊस खऱ्या पावसाच्या आधी येतो. जवळच्याच एका पाड्यावरच्या शाळेत आमच्या मंडळाबरोबर मीही गेलो होतो. दप्तरावर मंडळाचं नाव एवढं मोठं छापलेलं की मूल पाठमोरं चालायला लागलं की जाहिरातच चालतेय असं वाटावं. पोरं शिस्तीत रांगेला उभी होती, कारण त्यांना सराव होता. पहिलीतल्या एका चिमुरडीने दप्तर घेतलं आणि विचारलं, "आता हात जोडायचे का टाळ्या वाजवायच्या? कालच्यांनी टाळ्या सांगितल्या होत्या."

कार्यक्रम संपल्यावर गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "साहेब, दप्तरं पोराला दोन-दोन झालीत. टाकीच्या नळाची तोटी तेवढी गेलीय बघा. पाणी सगळं वाहून जातं." तोटीची किंमत फार तर दीडशे रुपये. मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "बसवू की. पण तोटीसोबत फोटो कसा काढायचा?" प्रश्न बिनतोड होता. तोटीला अकरा हात लागत नाहीत, एक पुरतो, आणि त्या हातात पान्हा असावा लागतो.

कंपन्यांचं तरी बरं आहे. वर्षाला पाच कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करा, असा कायदाच 2014 पासून लागू आहे. माणसाला असा कायदा नाही, त्याला आयकरात सवलत आहे. 80 जी ची पावती मिळणार म्हटल्यावर आमच्या मजल्यावर कितीतरी जणांना एकदम गोरगरीब आठवायचे, तेही मार्चमध्ये. नव्या करप्रणालीत ती सवलत उरली नाही. शेजाऱ्यांची करुणाही त्याच प्रणालीत गेली.

थट्टा सोडा, पण या जिल्ह्याने देण्याची एक काळी बाजूही पाहिली आहे. डहाणू भागात जमीनदार वारल्यांना पावसाळ्यात खावटी देत आणि लग्नाला पैसेही देत. त्या उपकारापोटी नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. ही वेठ मोडायला 1945 चा वारल्यांचा लढा व्हावा लागला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते सगळं लिहून ठेवलं आहे. देणाऱ्याचा हात वर असला की खालच्या हाताचं काय होतं, हे इथल्या जुन्या माणसांना शिकवायला नको.

आणि याच जिल्ह्यात चांगला धडाही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आधी बोर्डीत, मग कोसबाडच्या टेकडीवर काम करत होत्या. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. थोडी मोठी पोरं गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा काढली. म्हणजे पोरांना आपल्या वेळापत्रकात न बसवता आपलं वेळापत्रक पोरांच्या गुरांना विचारून ठरवलं. आज देशभर अंगणवाड्या आहेत, त्यांचं मूळ इथे आहे. त्यांनी एकदा तरी विचारलं, "तुम्हाला काय लागतं?" आम्ही विचारतो, "बॅनर किती फुटी?"

माझं म्हणणं एवढंच आहे. मुसलमान शेजारी शिलकीच्या अडीच टक्के जकात काढतो, शीख कमाईचा दहावा हिस्सा दसवंध म्हणून बाजूला ठेवतो. आपण निदान कंपनीएवढे तरी होऊ. महिन्याला तीस हजार मिळवणाऱ्याचे दोन टक्के म्हणजे सहाशे रुपये. त्यात चार तोट्या येतात. पैसे दर महिन्याला पगारासोबत बाजूला काढा, देण्याआधी गुरुजींना, अंगणवाडीताईला, दवाखान्यातल्या सिस्टरला विचारा, आणि दिल्यावर हिशेब जरूर मागा, पण हार मागू नका.

आणि फळवाटपाला बोलावणं आलंच, तर अवश्य जा. फक्त जाताना प्रत्येकाने आपापलं केळं न्यावं. अकरा पेशंटांची सोय होईल.