आनंदाचा अहवाल विहित नमुन्यात

शालेय शिक्षण विभागाने २०२४ साली आनंदाला वार नेमून दिला. शनिवार. पहिली ते आठवीच्या मुलांनी दर शनिवारी आनंदी व्हायचं, असा शासन निर्णयच निघाला आणि उपक्रमाचं नाव ठरलं ‘आनंददायी शनिवार’. हेतूबद्दल वाद नाही. मुलांवर ताण वाढतोय, त्यांचं मन सांभाळलं पाहिजे, हे सरकारला उमगलं, यात कुचेष्टा करण्यासारखं काही नाही. कुचेष्टा पुढे आहे.

शनिवारच का, हे मात्र कळायला मार्ग नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, शनिवार हा तसाही सुखाचाच. सकाळची शाळा, सामूहिक कवायत, एखादं गाणं, थोडी झाडलोट, आणि ऊन तापायच्या आत घरी. आठवड्यातला जो एक दिवस आपला आपण बरा चालला होता, नेमका त्यालाच सरकारने आनंदी करायला घेतलं. मंगळवारी गणिताच्या तासाला कोपऱ्यात खाली मान घालून बसणाऱ्या पोरासाठी अजून वार ठरायचा आहे.

शनिवारी काय काय करायचं, तेही ठरवून दिलेलं आहे. योग, प्राणायाम, ध्यान. इथपर्यंत ठीक. पुढे आपत्ती व्यवस्थापन, रस्ता सुरक्षा, समस्या निराकरणाची तंत्रं, नातेसंबंध हाताळण्याची कौशल्यं आणि दैनंदिन जीवनातलं वित्तीय व्यवस्थापन. पहिलीपासून. वाचून शहरातल्या माणसाला हसू येईल, पण ज्या घरात सोसायटीचं कर्ज थकलंय, तिथल्या दुसरीतल्या पोराला हे सगळं आधीच येतं. सहलीचे पैसे तो घरी मागतच नाही. गुरुजी विचारतात, “का रे, यायचं नाही का तुला?” तो म्हणतो, “मला गाडी लागते.” नातेसंबंध, समस्या निराकरण आणि वित्तीय व्यवस्थापन, तिन्हींत पैकीच्या पैकी.

सरकारी आनंदाची एकच अट असते. तो दिसला पाहिजे.

आता द्विशिक्षकी शाळेतलं ध्यान बघा. चारही इयत्तांची मुलं पटांगणात मांडी घालून, डोळे मिटून बसली आहेत. गुरुजी मोबाइल उंच धरून उभे, कारण फोटोत फलक आला पाहिजे, फलकावर उपक्रमाचं नाव आलं पाहिजे, नावाखाली तारीख आली पाहिजे. “डोळे मिटा रे! दोन मिनिटं कोणी हलायचं नाही!” मागच्या रांगेतल्या एकाने एक डोळा किलकिला ठेवलाय. फोटो पुन्हा. आता पहिलीतली एक जण हसली. पुन्हा. मनःशांती तिसऱ्या प्रयत्नात मिळते आणि मग ती केंद्राच्या ग्रुपवर टाकायला गुरुजी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढतात, रेंज तिथेच असते. दुसऱ्या बाई कुठे आहेत? तालुक्याला, प्रशिक्षणाला. विषय आहे ‘विद्यार्थ्यांना वेळ कसा द्यावा’.

शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हापासून कामं वाढली तरी त्यांना बिगरशैक्षणिक म्हणायचं सगळ्यांनी सोडून दिलं, एवढा फरक पडला. २०२२ साली वर्गात गुरुजींचा फोटो लावण्याचं फर्मान निघालं, रोज समोर दिसणारे गुरुजी मुलांना ओळखू यावेत म्हणून असेल. २०२४ साली मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुलांचे आणि पालकांचे सेल्फी गोळा झाले. शिवाय रोजचं आहेच. आधार जुळलं का, अपार निघालं का, यूडायस पूर्ण झालं का, वजन-उंची भरली का, आज खिचडी किती जणांनी खाल्ली. प्राथमिक शाळेतलं मूल दिवसातून इतक्या वेळा मोजलं जातं की त्याच्याकडे बघायला कोणाला सवड उरत नाही.

त्यातच एखाद्या सकाळी लिंक येते: ‘मानसिक ताण असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, आज दुपारी १२ पर्यंत, अतितात्काळ’. गुरुजी लिहितात, निरंक. गुरुजी निर्दयी नसतात, अनुभवी असतात. एक लिहिलं की त्या एकाचं नाव, आधार क्रमांक, पालकांचा व्यवसाय, ताणाचा प्रकार, केलेली कार्यवाही आणि कार्यवाहीचे दोन फोटो मागणारी दुसरी लिंक येणार. मग तिसरी, ताण गेल्याची. म्हणून शाळा निरंक, शाळांच्या बेरजेने केंद्र निरंक, तालुका निरंक, आणि जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर एक मोठा सुंदर गोल भोपळा. त्यावर अभिनंदनाचा ठराव.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे, आणि त्याहून लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधलेलं पाहिजे. चांगला निकाल आहे. फक्त आपल्या राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा हजारोंच्या घरात आहेत. त्यांनी संधान कोणाशी बांधायचं? भिंतीवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रंगवता येतो. रंगाचा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून बसतो. रंगाऱ्याने अक्षर छान काढलं तर त्याचाही फोटो जातो. आठ वर्षांचं पोर कोणाच्या फोनवरून, कोणासमोर आणि काय म्हणून हा नंबर लावणार, हा प्रश्न रंगाऱ्याच्या कक्षेत येत नाही.

खरं सांगायचं तर या शाळांना समुपदेशक फार पूर्वीच मिळालेला आहे. ती खिचडी शिजवते. महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, तेही वेळेवर येईल असं नाही. पण सोमवारी कोण दोनदा वाढून घेतं, हे मावशीला बरोबर ठाऊक असतं, आणि रविवारी त्या घरात काय झालं असेल तेही. ती विचारत नाही. एक पळी जास्त टाकते. तिला कोणी प्रशिक्षणाला बोलावलेलं नाही, त्यामुळे तिचं काम अजून नीट चाललंय.

याच ताटात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक उकडलेलं अंडं यायला लागलं होतं. अंड्याच्या दिवशी हजेरी कशी असते ते कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि हवं तर लोकसहभागातून द्या, असं कळवलं. म्हणजे आता श्वसनाची तंत्रं शासनाकडून आणि अंडं गावाकडून. श्वास फुकट असतो, हे वित्त विभागाच्या नजरेतून सुटलेलं नाही.

मुलांना काय हवंय हे मुलांना विचारावं, असं तज्ज्ञ म्हणतात. विचारण्याची वाट न पाहता एकदा ती स्वतःच बोलली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेतली. विषय, आमचं दप्तर फार जड आहे. त्याच्या आदल्या वर्षीच दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं असा आदेश निघालेला होता, पण दप्तराने तो वाचला नव्हता. पुढे २०२३-२४ पासून सरकारने पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं शिवून दिली, म्हणजे वह्या न्यायला नकोत. मुलांनी जाड झालेली पुस्तकंही नेली आणि वह्याही नेल्या. २०२५ च्या जानेवारीत ती कोरी पानं काढून टाकायचं ठरलं. सरकारी योजनेत एवढं वजन एका फटक्यात कमी झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

झोपेचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले, मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदला. फेब्रुवारीत आदेश आला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. त्यावर बसवाल्यांची अडचण निघाली, दोन पाळ्यांत चालणाऱ्या इमारतींची निघाली, रस्त्यावरच्या गर्दीची निघाली, नोकरीला जाणाऱ्या आईबापांची निघाली. सगळ्या खऱ्याच. मूल अडचण सांगू शकलं नाही, ते पेंगत होतं.

हे वाचून शहरातले सुजाण पालक मान डोलवत असतील, तर जरा थांबा. तुमच्याकडे समुपदेशक आहेत. त्यांना ‘वेलनेस’ची स्वतंत्र खोली आहे, तिथे बीन बॅग आहे आणि भिंतीवर हसणारा ढग आहे. परवा पुण्यातल्या एका पालकसभेची हकिगत कानावर आली. समुपदेशक बाईंनी तासभर समजावलं की तिसरी-चौथीतल्या मुलांना मोकळं खेळू द्या, तुलना करू नका, रिकामा वेळ द्या. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. मग एक आई उठल्या. “मॅम, हे रिलॅक्सेशन सेशन ऑलिम्पियाडच्या आधीच्या आठवड्यात ठेवता येईल का? स्कोअर वाढतो म्हणे त्याने.” आणि एका बाबांनी विचारलं, “रिकामा वेळ साधारण कोणत्या क्लासमध्ये चांगला शिकवतात?”

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. घराला ते लागू नाही. म्हणून अबॅकसहून बुद्धिबळ, बुद्धिबळाहून वैदिक गणित, आणि गाडीत मागच्या सीटवर डबा. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली होती, ती आता परत चौथी-सातवीत आणली आहे. ताण एक वर्ष आधीच मिळणार म्हटल्यावर क्लासवाल्यांनी पेढे वाटले नसतील, पण फ्लेक्स लावले.

पण मूळ मुद्दा आनंदाच्या मोजमापाचा होता. घडलेलं नसेल तर घडू शकेल असं एक उदाहरण सांगतो. गाव कोणतंही समजा.

आनंदाची पडताळणी करायला एका द्विशिक्षकी शाळेत पथक आलं. साहेबांनी तिसरीतला एक मुलगा उभा केला.

“बाळ, तुला शाळेत आनंद होतो का?”

मुलाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली. “व्हतो.”

“शाब्बास. कधी होतो?”

पाठ करून घेतलेला भाग इथे संपला होता. मुलाने जरा विचार केला. “पाऊस आला की.”

“भिजायला आवडतं वाटतं!”

“नाय. आमचा वर्ग गळतो. मग गुर्जी आमाला बाईंच्या वर्गात नेत्यात. तिथं माझी बहीण आसती, पहिलीला. मग ती रडत नाय.”

साहेबांनी नमुना पाहिला. आनंदाच्या स्रोतासाठी चार संकेतांक होते. योग एक, खेळ दोन, कला तीन, इतर चार. त्यांनी चार लिहिलं. इतर लिहिलं की तपशील द्यावा लागतो, म्हणून तपशिलात लिहिलं, ‘पर्जन्य, वर्गखोली गळती, भगिनी’. मुलगी एरवी का रडते, हा रकाना या नमुन्यात नव्हता. तो दुसऱ्या लिंकवर होता आणि तिथे या शाळेने निरंक भरलं होतं.

तपशिलातला ‘गळती’ हा शब्द वर कोणाच्या तरी नजरेला पडला आणि कागद बांधकामाकडे गेला. बांधकामाने विचारलं, गळतीची माहिती शाळेने आधी का कळवली नाही? शाळेने ती तीन वर्षं कळवली होती, पण आवक क्रमांक जुळेना. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांच्या हाती पत्र पडलं: ‘आपल्या शाळेतील वर्गखोली गळत असताना सदर गळतीचा वापर विद्यार्थ्यांच्या आनंदाकरिता करण्यात येत असल्याचे तपासणीत निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर आहे. याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

मुख्याध्यापकांनी, म्हणजे त्याच गुरुजींनी, त्या रात्री खुलासा लिहिला. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, सदर आनंद शाळेच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेला आहे. पत्रे बदलून मिळताच दोन्ही वर्ग पूर्ववत स्वतंत्र बसविण्यात येतील व सदर विद्यार्थ्याचा आनंद तात्काळ बंद होईल, याची दक्षता घेण्यात येईल. माहितीस्तव सादर.’