आई, बंदूक आणि तीळ

आपली आई जन्माला येते तीच मुळी तिशीच्या आसपास, हातात लाटणं घेऊन आणि "खोलीत कुणी नाही तर पंखा कशाला?" असं विचारत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. त्याआधीची आई आमच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होती. काळ्या पानांचा अल्बम, पानापानांत बटर पेपर, फोटोंना चिकटवलेले कोपरे.

पहिल्याच पानावर खाकी गणवेशातली एक सडपातळ मुलगी खांद्याला रायफल लावून उभी.

"ही कोण गं?"

"मी. एनसीसी. कोल्हापूर, १९७३."

दिवाळीत मला टिकल्यांचं पिस्तूलही घेऊ न देणारी हीच ती बाई. "पॉइंट टू टू होती ती. नेम बरा होता माझा," एवढं बोलून ती पुन्हा भेंडी चिरायला लागली. बाबांनी पेपर खाली केला. "हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाले आणि पेपर परत वर.

सांगणार कोण? स्थळाकडे जायचा तो दुसरा फोटो. त्याचे नियम ठरलेले. उंची कळावी म्हणून पूर्ण आकृती, काठ दिसेल असा पदर, लांबी दिसावी म्हणून वेणी पुढे, शेजारी उंच स्टुलावर प्लॅस्टिकची फुलं. हसायचं नाही, हसली तर मुलगी आगाऊ. उरलेलं काम स्टुडिओवाला करायचा. टोकदार पेन्सिल घेऊन तो निगेटिव्हवर हलक्या हाताने रेघा ओढायचा. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरे, तिथे छापलेल्या फोटोत उजळपणा येई. मुरूम, डाग, डोळ्यांखालचं काळं, सगळं साफ. त्या भरात आईच्या गालावरचा तीळही गेला.

"फोटोत तीळ नव्हता," बाबा पेपराआडून म्हणाले. "बघायला गेलो तर होता."

"मग?"

"मग काय, पोहे खाऊन झाले होते."

त्या मानाने पन्हाळ्याच्या सहलीचे फोटो फारच प्रामाणिक. कॅमेरा कुणाच्या तरी भावाचा, आगफा क्लिक थ्री. त्यात १२० नंबरचा रोल आणि रोलमध्ये अवघे १२ फोटो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी वादविवाद होई. सगळ्या मुली साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असल्यासारख्या ताठ. गॉगल मात्र अख्ख्या सहलीत एकच. एका फोटोत तो आईच्या नाकावर, पुढच्यात शेजारणीच्या, तीन दरवाज्यापाशी पोचेपर्यंत तिसरीच्या. मी साठवलेल्या पैशांतून गॉगल आणला तेव्हा "हे थेर आपल्याकडे चालत नाहीत" असं मला ऐकवण्यात आलं होतं, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. "तो माझा नव्हताच," आई म्हणाली. कायद्याने बरोबर.

एका ग्रुप फोटोची उजवी कड नाही. त्या कडेच्या माणसाचा फक्त एक हात एका मैत्रिणीच्या खांद्यावर उरलाय.

"वाळवी लागली," आई म्हणाली.

पट्टी ठेवून सरळ रेषेत खाणारी वाळवी मी प्रथमच पाहिली. बाबांनी या खेपेला पेपर अजिबात हलवला नाही. एवढं मन लावून त्यांनी संपादकीयही कधी वाचलं नसेल.

माझं म्हणणं एवढंच, की आईवडील आपल्याला मिळतात ते पेन्सिल फिरवलेले. फक्त लग्नाच्या फोटोवर ती स्टुडिओवाला फिरवतो आणि मुलांसाठी ते स्वतःच.

तुमच्या माळ्यावरही अशी ट्रंक असेल तर ती याच रविवारी खाली काढा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर प्रत्येक फोटोमागे नाव, गाव, साल लिहून घ्या. लिहा मऊ पेन्सिलीने आणि हात हलका ठेवून. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं. आणि त्या दिवशी घरातली कात्री कुठे आहे, तेवढं बघून ठेवा.