मध्यंतर वाढवा, सामना आवरता घ्या

मा. जियानी इन्फांटिनो साहेब,
अध्यक्ष, फिफा, मुक्काम झुरिच



हे पत्र बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाहून लिहितोय. गर्दीचं आम्हाला अप्रूप नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे पाटलांच्या मेळाव्याला इथली रानं माणसांनी भरली होती. पण गडावर भाषणाला आलेला माणूस भाषण ऐकून जातो आणि कीर्तनाला आलेला कीर्तन ऐकून. अभंग अर्ध्यावर आला असताना बुवांना ‘जरा बसा’ म्हणावं आणि नाचगाण्याचा कार्यक्रम उरकून घ्यावा, हे अजून इथं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. तुमच्या आलं, म्हणून अभिनंदन.

फुटबॉलचा विश्वचषक १९३० साली सुरू झाला. तेव्हापासून अंतिम सामन्याच्या मध्यंतरात खेळाडू पाणी पीत होते आणि प्रेक्षक पंचाला शिव्या देत होते. किती पिढ्यांचा वेळ वाया गेला! १९ जुलै २०२६ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला गाण्यांचा जलसा होणार, हे तुम्ही मार्च २०२५ मध्येच जाहीर केलंत. त्याची रंगीत तालीम १३ जुलै २०२५ ला न्यू जर्सीत क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झाली. तुमच्याच नियमांत मध्यंतर १५ मिनिटांपेक्षा मोठं नसावं असं आहे. ते जवळजवळ २४ मिनिटं चाललं. व्यासपीठ मात्र गवतावर न मांडता वर प्रेक्षकांच्या सज्जात मांडलंत. गवताची एवढी काळजी घेतलीत. खेळाडूंचे पाय तेवढ्या वेळात गार पडतात, पण पायांचं काय, चोळले की पुन्हा गरम होतात.

या धंद्यातले तुमचे गुरू अमेरिकेतच आहेत. त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बाऊलच्या, मध्यंतरात पूर्वी बँडपथकं वाजवत फिरायची. १९९२ मध्ये दुसऱ्या वाहिनीनं नेमका मध्यंतराचा मुहूर्त साधून विनोदी कार्यक्रम लावला आणि बरेच प्रेक्षक तिकडे पळवले. पुढच्याच वर्षी मायकल जॅक्सनला आणलं गेलं. फेब्रुवारी २०२५ पर्यंत मजल अशी गेली, की सामन्याला सरासरी १२ कोटी ७७ लाख प्रेक्षक आणि मध्यंतरात गाणाऱ्या रॅपर केंड्रिक लमारला १३ कोटी ३५ लाख. म्हणजे गाण्याला सामन्याच्या सरासरीपेक्षा जवळपास साठ लाख माणसं जास्त. यातला इशारा तुम्ही ओळखला असेलच. अडचण खेळाचीच आहे.

तरीही, साहेब, तुम्ही अजून कच्चे आहात. कलाकार बोलावता, त्याला पैसे लागतात, सराव लागतो. आमच्याकडे सत्कारावर भागतं. गावच्या क्रिकेट सामन्यात नाणेफेक मान्यवरांच्या हस्ते, पहिला चेंडू मान्यवरांच्या हस्ते, आणि तो मान्यवरांनीच खेळायचा. बॅट उलटी धरली तरी टाळ्या. नवी गाडी बांधावर दिसली की निवेदक चालू षटक थांबवून स्वागताला लागतो. गोलंदाज बिचारा धावत सुटलेला असतो.

यात्रेतल्या फडाचं तर बोलायलाच नको. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या दुपारी सुरू होतात. दिवस मावळायला आला की शेवटची जोड मैदानात उतरते. अंगाला तांबडी माती लावून दोघं उभे. घाम वाळतोय, माती पापुद्र्यानं सुटतेय. मधोमध आठ-दहा पांढरे कपडेवाले, प्रत्येकाला दोन्ही पैलवानांचे हात हातात धरून फोटो हवा. एक फोटो हलला, पुन्हा काढा. एक जण राहिला, त्याला बोलवा. पैलवान ओळखीचं हसू चेहऱ्यावर धरून नजर मात्र समोरच्याच्या मांड्यांवर ठेवून असतो.

बाजूला हलगीवाला काठी वर धरून खोळंबलेला. करमणूक म्हणाल तर हलगी ही करमणूकच, आणि तिच्याशिवाय फड सुना. पण तो वाजवताना कुणाकडे बघतो ते एकदा येऊन पाहा. डोळे पैलवानांच्या पायांवर. खडाखडी चालू असताना संथ, पट काढला की चढती, आणि पाठ टेकायच्या क्षणाला तर फडातला म्हातारासुद्धा उठून उभा राहतो. कुस्ती थांबवून ‘आता माझं ऐका’ असं हलगीनं कधी म्हटलेलं नाही. असला माणूस तुमच्या कामाचा नाही.

तुमच्या त्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एक गोष्ट मात्र पाहून ऊर भरून आला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चषक चेल्सीच्या कप्तानाच्या हाती दिला आणि मग ते हललेच नाहीत. पोरं चषक उंचावतायत आणि पाहुणे मधोमध तसेच उभे. तुम्ही त्यांना बाजूला घ्यायला बघत होता म्हणे. कशाला? आमच्या जिल्हा पातळीवरच्या कोणत्याही बक्षीस समारंभाचा फोटो काढून बघा, विजेता शोधावा लागतो. अमेरिकेसारख्या महासत्तेला हे जमायला एवढी वर्षं लागली.

एका बाबतीत सावध करतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. एवढ्या वेळात आमच्या निवेदकाच्या तोंडून ‘माननीय’मधला ‘मा’सुद्धा बाहेर पडत नाही. आख्ख्या शर्यतीत मध्यंतर नाही, जाहिरात नाही, पाहुणा शिरेल अशी फट नाही. असले खेळ तुमच्या धंद्याच्या मुळावर येतील. वेळीच बंदोबस्त करा.

कळावे,
आपला,
नारायणगडाच्या पायथ्याचा एक प्रेक्षक

ता. क. त्या सामन्याचा निकाल सांगायचा राहिलाच. चेल्सीनं पॅरिस सां-जर्मेनला ३-० हरवलं. दोन गोल कोल पामरचे, एक जोआओ पेद्रोचा. तिन्ही मध्यंतराआधीच.