कैलासवासी स्वतंत्र पक्षास, सुरतेहून

कैलासवासी स्वतंत्र पक्ष यांचे सेवेशी,

सुरत मुक्कामी रिंग रोडवरील एका कापडबाजारात पस्तीस वर्षे कीर्द-खतावणी लिहून हल्ली अडाजणात मुलाच्या घरी स्वस्थ बसलेल्या एका खानदेशी मेहताजीचा कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दिवंगत पक्षास पत्र लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे नाही, हे मी जाणून आहे. परंतु हयात असलेल्या पक्षांना केलेल्या अर्जांची पोच येण्याची वाट पाहण्यातच ज्याची निम्मी हयात सरली, त्याने परलोकीच्या टपालाविषयी तरी अविश्वास का बाळगावा? शिवाय माझी शंका आपल्याच खात्यातली आहे. स्थितिप्रिय पक्ष म्हणजे नेमके काय, तो कशाचे जतन करतो आणि कोणासाठी करतो, असे इथे कोणास विचारावे, तर जो तो ‘संस्कृती’ एवढे एकच उत्तर देऊन चालू लागतो. आपले तसे नव्हते. 1959 च्या जानेवारीत काँग्रेसने नागपुरास सामुदायिक शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात राजाजी, मिनू मसानी, रंगा, मुन्शी अशा मंडळींनी मुंबईस जमून, शेतकऱ्याच्या बांधावर आणि व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर सरकारने हात ठेवू नये, हे एकवीस कलमांत लिहून काढले. परमिट-लायसन्स राज हा शब्द राजाजींनीच रूढ केला. त्या कलमांपलीकडच्या कोणत्याही विषयावर सभासदाने आपल्या बुद्धीस पटेल तसे बोलावे, अशी मुभाही आपण देऊन ठेवली होती; आजच्या कार्यकर्त्यास हे सांगितले, तर तो मला मोतीबिंदू मेंदूत उतरला काय, असे विचारतो.

आपणास संस्थानिकांचा आणि शेठियांचा पक्ष म्हणत, आणि ते अगदीच खोटे नव्हते. जयपूरच्या महाराणी आपल्याकडे होत्या आणि गिरणीमालकांचा आपल्याशी स्नेह होता. पण दुकानात काय मिळते, ते आपण पाटीवर लिहिले होते. 1967 साली भाईकाकांच्या नेतृत्वाखाली गुजरातच्या विधानसभेत आपले 66 आमदार बसले, दिल्लीस 44 खासदार गेले, आणि पुढे सातच वर्षांनी, 1974 साली, आपण भारतीय लोकदलात विलीन होऊन कैलासवासी झालात. सुरतेने आपणास लोकसभेत कधी धाडले नाही, याची खंत नसावी. 1957 पासून 1977 पर्यंत पाचही वेळा या गावाने मोरारजीभाईंनाच निवडले, आणि 1989 पासून ते भारतीय जनता पक्षाच्या स्वाधीन आहे.

आता आपल्या पश्चातची हकीकत. 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ज्या कापडबाजारास विक्रीकराचा जाच तोवर फारसा ठाऊक नव्हता, त्याने दुकानांची शटरे पाडली आणि कित्येक दिवस ती वर केली नाहीत. महिन्याला विवरणपत्र, मालाच्या प्रत्येक हालचालीस कागद, आणि चूक झाली तर दंड. राजाजी असते, तर त्यांनी दर आठवड्यास एक जळजळीत लेख लिहिला असता. त्या दिवसांतले एक बिल मी जपून ठेवले आहे. आमच्या बिलांच्या तळाशी, कोणाच्या आज्यापणज्यापासून ठाऊक नाही, ‘भूलचूक लेवीदेवी’ अशी ओळ छापलेली असते. हिशेबात चूक निघाल्यास मागाहून घेऊदेऊ, इतकाच तिचा भावार्थ. त्या ओळीच्या बरोबर वर, जांभळ्या शाईच्या रबरी शिक्क्याने, किंचित तिरपी, नवी ओळ उमटवलेली होती: कमल का फूल, हमारी भूल. शिक्का मारणारा हात माझा नव्हता, पण शाईची गादी माझ्या मेजावरची होती, हे कबूल करतो. डिसेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, आणि सुरत जिल्ह्याच्या 16 पैकी 15 जागा कमळासच मिळाल्या. भूल लेवीदेवीत वळती झाली.

या निकालाचा मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि माझ्या अल्पमतीस जे उमगले ते आपणास कटू वाटेल. आपण समजत होता की, व्यापाऱ्यास सरकार कमी हवे असते. वस्तुतः त्यास सरकार आपले हवे असते. दारावरचा शिपाई ओळखीचा, साहेब आपल्या बोलीचा, मिरवणुकीत आपल्यासोबत चालणारा, एवढी तजवीज झाली की तोच साहेब दप्तर तपासावयास आला तरी त्याचा हात जड वाटत नाही. आपण सरकारच्या हाताविषयीचा संशय जतन करू पाहत होता. हल्लीच्या स्थितिप्रिय पक्षाने देवळे, सण, खाणेपिणे, पूर्वजांच्या तलवारी असे सारे जुने जतन केले आहे, फक्त तेवढा संशय वगळून. आणि आम्ही तो मागितलाही नाही. तेव्हा आपल्या मृत्यूच्या पंचनाम्यात पंच म्हणून आमचीच नावे घालावी लागतील.

मराठी मनुष्य या नात्याने मधली एक गोष्ट ओझरती सांगतो. मराठ्यांच्या 1664 च्या आणि 1670 च्या स्वाऱ्यांवरून या गावी आम्हास अजूनही थट्टेने टोमणे बसतात. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार रातोरात मुंबईहून निघून येथील एका आलिशान हॉटेलात उतरले, तेव्हा शेजारच्या काकांनी मला विचारले, ‘मेहताजी, आ वखते शुं लई जशे?’ मी म्हणालो, या खेपेस मराठे काही न्यावयास आले नाहीत, स्वतःस ठेवावयास आले आहेत. दुसरा दिवस मावळून रात्र उलटण्याच्या सुमारास ते गुवाहाटीस निघून गेले.

परंतु जतनाच्या कलेचा परमोत्कर्ष आम्ही पाहिला तो 2024 च्या लोकसभा निवडणुकीत. काँग्रेसच्या उमेदवाराच्या अर्जावर ज्या प्रस्तावकांच्या सह्या होत्या, त्यांनीच प्रतिज्ञापत्रे करून त्या सह्या आपल्या नव्हेत असे सांगितले; प्रस्तावक कोण, तर उमेदवाराचे आप्त आणि भागीदार. अर्ज बाद झाला, पर्यायी उमेदवाराचाही त्याच वाटेने गेला, आणि 22 एप्रिलपर्यंत उरलेल्या सर्वांनी, एकाही अपवादाविना, आपापले अर्ज मागे घेतले. भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. काँग्रेसने पुढे आपल्या उमेदवारास निलंबित केले, तो भाग वेगळा. पस्तीस वर्षे सह्या तपासणाऱ्या माणसास इतकेच म्हणता येते की, अशा जुळून आलेल्या योगायोगांची कीर्द मी कधी लिहिली नाही.

याच गावी 1907 च्या डिसेंबरात, तापीकाठच्या फ्रेंच बागेत, राष्ट्रसभेच्या मंडपात जहालांचा आणि नेमस्तांचा वाद इतका पेटला की कोणा दक्षिण्याचे पायताण हवेतून आले आणि सुरेंद्रनाथांस लागून फिरोजशहा मेहतांवर आदळले. ते अशोभनीय होते खरे. पण विरोधी पक्ष मंडपात हजर असल्याचा तो पुरावा तरी होता. विलायतेच्या स्थितिप्रिय पक्षातील डिझरायलीने 1867 साली कायदा पुढे रेटून शहरी कामकऱ्यांना मत दिले, ते वापरण्यासाठी. आमचे सोळा लाखांवर मतदारांचे मत मात्र असे निगुतीने जपून ठेवले गेले की त्यावर वापराचा एक ओरखडाही उठला नाही. नोटाचे बटण दाबावे म्हणणारासही ती सोय राहिली नाही, कारण बटण असलेले यंत्रच आमच्याकडे आले नाही.

तरी परलोकी आपली एकवीस कलमे अद्याप शाबूत असतील, तर त्यात बाविसावे जोडून, मतदाराने किमान एकदा तरी विचारले जावे, असे लिहून ठेवावे. बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक मेहताजी

ता. क. – माझा धाकटा भाऊ लिंबायतेत राहतो, आणि लिंबायत हे सुरत शहरात असूनही लोकसभेपुरते नवसारीत मोडते. 7 मे रोजी तो मत देऊन संध्याकाळी आमच्याकडे जेवावयास आला. एकाच ताटाशेजारी दोघे बसलो होतो. त्याच्या तर्जनीवर शाईची रेघ होती, माझे बोट कोरे होते.